अध्ययन कोणाच्या खाती?

एका ठिकाणी केलेले अध्ययन दुसऱ्या ठिकाणी गणले जावे, ही अपेक्षा आज विद्यापीठांच्या नियमावलींत श्रेयांक-हस्तांतरण या रूक्ष नावाने वावरत असली, तरी तिच्या मुळाशी असलेला प्रश्न भारतीय दर्शनांच्या जुन्या परिचयाचा आहे. कर्म संपून गेल्यावर त्याचे काय उरते, जे उरते ते कर्त्याजवळ राहते की कर्म जेथे घडले त्या स्थानाजवळ, आणि ते दुसऱ्याला देता येते का, या तीन शंकांवर मीमांसक, नैयायिक, वेदान्ती आणि बौद्ध यांनी जो वाद घातला, त्यातील पुष्कळसा भाग परदेशी शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याच्या अर्जाला लावून पाहता येतो. श्रेयांक म्हणजे अध्ययनाला लागलेल्या श्रमाचे, बहुधा तासांत मोजलेले, एकक होय. विद्यार्थ्याला विषय किती चांगला येतो हे त्याचे गुण सांगतात, तर त्या विषयासाठी किती काम केले गेले एवढेच श्रेयांक सांगतो. हा भेद पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवावा लागतो, कारण हस्तांतरणाच्या बाबतीत होणारे बहुतेक गैरसमज तो विसरल्यामुळे होतात.

इंदूरच्या पूर्व भागातील खजराना ही वस्ती या प्रश्नाच्या चर्चेसाठी अनपेक्षितपणे सोयीची आहे. तेथील गणेशमंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधविले अशी दृढ परंपरा आहे. बांधकामाचे वर्ष म्हणून 1735 हा आकडा सर्रास छापला जातो, परंतु अहिल्याबाईंचा जन्म 1725 चा आणि राज्यकारभार त्यांच्या हाती आला तो 1767 मध्ये, हे लक्षात घेतले तर दहा वर्षांच्या सुनेच्या नावावर मंदिर घालणारा तो आकडा संशयास्पद ठरतो. मंदिराच्या मागील भिंतीवर उलटे स्वस्तिक काढून नवस बोलायचा आणि कार्य सिद्धीस गेले की परत येऊन ते सुलटे काढायचे, अशी तेथील प्रथा आहे, आणि परीक्षा, नोकरी, विवाह यांच्याबरोबर परदेशगमन हेही आता नवसाचे विषय झालेले आहेत. याच वस्तीत नाहरशाह वली यांचा दर्गा आहे, जेथे फातिहा वाचून तिचे पुण्य मृत आप्तांना पोचवण्याची, म्हणजे ज्याला ईसाले-सवाब म्हणतात ती, रीत पाळली जाते. अर्थात एकाच वस्तीत दोन निराळे व्यवहार चालतात. एकात भक्त भावी फळासाठी स्वतःला बांधून घेतो आणि ते बंधन फेडायला त्याला स्वतःच परत यावे लागते. दुसऱ्यात केलेल्या पठणाचे फळ कर्ता दुसऱ्याच्या नावावर करतो.

दुसऱ्या व्यवहाराविषयी इस्लामी परंपरेत मोठा वाद झालेला आहे. माणसाला त्याने जे प्रयत्नपूर्वक केले तेवढेच मिळते, अशा आशयाचे वचन कुराणाच्या 53व्या प्रकरणात आहे, आणि त्याचा कठोर अर्थ लावणाऱ्या मुअतजिली पंथाने पुण्यदान नाकारले. उलट हनफी न्यायशास्त्रातील हिदाया या प्रमाणग्रंथाने, दुसऱ्याच्या वतीने हजयात्रा करण्याच्या प्रकरणाचा आरंभ करतानाच, आपल्या कृत्याचे पुण्य दुसऱ्याला देण्याची मुभा मान्य केली; त्यामागचा युक्तिवाद असा मांडला जातो की पुण्य ही कर्त्याची स्वतःची मिळकत असल्यामुळे तिचे दान करणे त्याच्या अधिकारात येते. बौद्धांची पुण्यपरिणामना आणि हिंदूंचे श्राद्ध हेदेखील याच अंगाने जाणारे आचार आहेत. मात्र या सर्व ठिकाणी पुण्य एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे जाते. श्रेयांकाच्या बाबतीत तसे काहीच घडत नाही, कारण विद्यार्थी तोच राहतो आणि फक्त संस्था बदलते; त्यामुळे त्याचे साम्य पुण्यदानाशी नसून देह बदलूनही कर्माचे सूत्र तुटत नाही या सिद्धान्ताशी आहे. हस्तांतरण हा शब्द येथे दिशाभूल करणारा आहे, कारण कोणाच्याही हातातून काही निसटून दुसऱ्याच्या हाती पडत नाही. नव्या संस्थेने जुना कर्ता ओळखणे, एवढेच घडायचे असते.

ही ओळख पटवण्यासाठी जी यंत्रणा उभी राहिली आहे तिचे स्वरूप आधी पाहिले पाहिजे. युरोपात 1987 मध्ये इरॅस्मस ही विद्यार्थी-विनिमय योजना सुरू झाली आणि तिच्याच अंगाने 1989 मध्ये युरोपीय श्रेयांक पद्धती प्रयोगादाखल आली, जिच्यात पूर्ण वर्षाचे काम 60 श्रेयांकांचे मानतात आणि एका श्रेयांकामागे 25 ते 30 तासांचे श्रम, म्हणजे तासिका, वाचन, प्रयोग, परीक्षेची तयारी हे सर्व धरून, गृहीत धरतात. भारतात 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँकेचे विनियम काढले, आणि 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने वर्षाला 1200 तास व 40 श्रेयांक, म्हणजे श्रेयांकामागे 30 तास, असे मान ठरवले. अमेरिकेत पदवीसाठी साधारण 120 श्रेयांक लागतात व वर्षाला 30 पडतात. तीन खंडांत वर्ष तेच, विद्यार्थीही बहुधा तितकाच कष्टाळू, परंतु त्याच्या वर्षाची किंमत एकीकडे 60, दुसरीकडे 40 आणि तिसरीकडे 30 होते.

या आकड्यांतून एक खरी तात्त्विक अडचण निर्माण होते. इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयात 4 श्रेयांकांचा एक विषय पूर्ण करून एखादी विद्यार्थिनी जर्मनीला गेली असे धरले, तर तिने त्या विषयावर भारतीय मापाने 120 तास घालवलेले असतात. तासांचा हिशेब लावला तर 30 ने भागून 4 आणि 25 ने भागून 4.8, म्हणजे फार तर 4.8 युरोपीय श्रेयांक तिच्या पदरात पडावेत. परंतु वर्षाच्या वाट्याचा हिशेब लावला तर तो विषय तिच्या वर्षाचा दहावा हिस्सा होता, आणि युरोपीय वर्षाचा दहावा हिस्सा 6 श्रेयांकांचा होतो. पहिल्या हिशेबात श्रम हे स्वतंत्र, निरपेक्ष द्रव्यासारखे मानले जातात, तर दुसऱ्यात अंशाचे मूल्य तो ज्या पूर्णाचा अंश आहे त्याच्यावरून ठरते. दोन्ही हिशेब गणिताच्या दृष्टीने निर्दोष असूनही उत्तर निराळे येते, आणि विद्यार्थिनीला सहा श्रेयांकांच्या विषयातून सूट मिळेल की नाही हे त्या उत्तरावर अवलंबून असते. गुणांच्या रूपांतरासाठी जर्मनीत सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात, ज्यात सर्वोच्च गुण आणि उत्तीर्णतेचे किमान गुण यांच्या मधल्या अंतरात विद्यार्थी कोठे उभा आहे हे पाहतात. दहापैकी आठ गुण आणि उत्तीर्णतेची मर्यादा चार असेल, तर जेथे 1 हा सर्वोत्तम व 4 हा काठावरचा गुण असतो त्या जर्मन मापाने बरोबर 2 येतात. गुण सापेक्ष मोजायचे आणि श्रम निरपेक्ष मोजायचे, ही विसंगती कोणाला फारशी खटकत नाही, हे नवलच म्हटले पाहिजे.

अंश आणि पूर्ण यांच्या संबंधाचा विचार पूर्वमीमांसेने जितक्या चिवटपणे केला तितका क्वचितच कोणी केला असेल. यज्ञ थोड्या काळात संपतो, आणि स्वर्गासारखे त्याचे फळ मात्र फार पुढे, बहुधा मरणोत्तर मिळायचे असते. मग संपलेल्या कर्माने न आलेल्या फळाला कसे जन्माला घालावे, या शंकेवर मीमांसकांनी अपूर्व नावाची अदृश्य शक्ती कल्पिली, जी कर्मातून निपजते आणि फळ मिळेपर्यंत टिकून राहते, व जी कुमारिलभट्टांच्या मते कर्त्याच्या आत्म्यात वसते. दर्शपूर्णमास या यागात पौर्णिमेला तीन व अमावास्येला तीन असे सहा प्रधान याग असून त्यांच्यामध्ये पंधरवड्याचे अंतर पडते. त्यामुळे प्रत्येक यागाचे आपापले अपूर्व आधी निर्माण होते, मग त्यांचा समुदाय होतो आणि सर्वांच्या मिळणीतून परमापूर्व उद्भवते, जे फळ देते, अशी रचना त्यांना मानावी लागली. सहापैकी पाचच याग झाले तर पाच-षष्ठांश स्वर्ग मिळत नाही. परंतु झालेल्या पाचांचे स्वतंत्र अपूर्वही खोटे ठरत नाही. ते केवळ फळापर्यंत पोचत नाही. पदवीची आजची रचना याच आकृतिबंधाची आहे, कारण प्रत्येक विषय आपापला श्रेयांक निर्माण करतो, श्रेयांक सत्रांत गोळा होतात आणि ठरावीक समुदाय पूर्ण झाल्यावरच पदवी उत्पन्न होते.

म्हणूनच या यंत्रणेला बँक हे नाव देणे तितकेसे योग्य वाटत नाही. बँकेतला रुपया कोणत्या व्यवहारातून आला याची आठवण ठेवत नाही, आणि त्यामुळेच तो कोठेही चालतो. श्रेयांकाला मात्र आपला उगम विसरता येत नाही, कारण संख्याशास्त्राचे चार श्रेयांक उष्मागतिकीच्या चार श्रेयांकांची जागा घेऊ शकत नाहीत. दर्शपूर्णमासातील आग्नेय यागाचे अपूर्व त्यातल्याच उपांशु यागाच्या खाती जमा होत नाही, हे मीमांसकाला सांगावे लागत नाही. बँकेच्या उपमेतला दुसरा दोष असा, की विनियमांनुसार या खात्यातील श्रेयांक कमाल सात वर्षे टिकतात. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात पुण्य संपले की स्वर्गातून परत मर्त्यलोकात यावे लागते असे सांगितले आहे, परंतु तेथे पुण्य भोगून संपते. न वापरता केवळ काळ लोटल्याने पुण्य संपावे, ही कल्पना गीतेला सुचलेली नाही. जुन्या तांत्रिक ज्ञानाला गंज चढतो, हे नियमकर्त्यांचे कारण समजण्याजोगे आहे, तरी तर्कशास्त्राचा अभ्यास सात वर्षांनी कालबाह्य होतो असे मानणे कठीण आहे.

कर्मसिद्धान्ताने न्यायाच्या दोन कसोट्या सांगितल्या आहेत. केलेल्याचा नाश होणे याला कृतहानी म्हणतात आणि न केलेल्याचे फळ पदरी पडणे याला अकृताभ्यागम म्हणतात. न्यायभाष्याने आणि शंकराचार्यांनी प्रतिपक्षाच्या मताचे खंडन करताना हे दोष दाखवले, आणि ज्या मतात यांतला एकही दोष येतो ते मत टिकत नाही असे मानले. परदेशी विद्यापीठातील समकक्षता समितीला, म्हणजे बाहेरचा विषय घरच्या विषयाच्या तोडीचा आहे का हे ठरवणाऱ्या मंडळाला, नेमक्या याच दोन दोषांच्या मधून वाट काढावी लागते. विषय नाकारला आणि तो खरोखर झालेला होता, तर कृतहानी. स्वीकारला आणि त्यातील निम्मा भाग शिकवलाच गेला नव्हता, तर अकृताभ्यागम. युरोप परिषद आणि युनेस्को यांच्या पुढाकाराने 1997 मध्ये लिस्बन येथे झालेल्या मान्यता-कराराने यात एक महत्त्वाची बाजू घेतली, ती अशी की मान्यता नाकारायची असेल तर दोन अभ्यासक्रमांत भरीव अंतर आहे हे दाखवण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या संस्थेवर राहील. म्हणजे शंका राहिली तर कृतहानी टाळावी आणि अकृताभ्यागमाचा थोडा धोका पत्करावा, असा तो कल आहे. अभ्यासक्रमाची पुस्तिका, प्रत्येक घटकाचे तास आणि वाचनयादी जुळवून अर्जाला जोडताना विद्यार्थी ज्या दगदगीतून जातो, ती पाहता हा कल उदार आहे असे म्हणवत नाही. तो किमान न्याय आहे.

भारतीय नियमांचा कल थोडा वेगळा आहे. पदवी देणाऱ्या संस्थेत किमान निम्मे श्रेयांक मिळवलेले असावेत, अशी 2021 च्या विनियमांची अट आहे, आणि 2022 च्या विनियमांनी परदेशी संस्थेबरोबरच्या जोडकार्यक्रमात, म्हणजे विद्यार्थी काही काळ तेथे शिकून पदवी मात्र भारतीय संस्थेची घेतो त्या प्रकारात, बाहेरच्या श्रेयांकांना 30 टक्क्यांची मर्यादा घातली. या मर्यादांचे समर्थन कृतहानीच्या भाषेत करता येत नाही, कारण मर्यादेबाहेरचे अध्ययन झालेले असूनही ते गणले जात नाही. ते समर्थन करायचे तर अधिकार या दुसऱ्या तत्त्वाकडे, म्हणजे फळ देण्याचा हक्क कोणत्या गुरुकुलाला आहे या प्रश्नाकडे, वळावे लागते.

कोणता विषय कोणाच्या बदल्यात चालेल, या प्रश्नासाठी मीमांसेच्या सहाव्या अध्यायातील प्रतिनिधी-विचार आजही वाचनीय आहे. विहित द्रव्य मिळाले नाही तर त्याच्याशी सर्वांत अधिक साम्य असलेले द्रव्य घ्यावे, उदाहरणार्थ व्रीही म्हणजे भात न मिळाल्यास नीवार म्हणजे रानभात घ्यावा, अशी तेथील सामान्य व्यवस्था आहे. परंतु ज्या धान्याचा यज्ञासाठी स्पष्ट निषेध आहे ते कितीही सारखे दिसले तरी प्रतिनिधी म्हणून चालत नाही. पुढे जैमिनी सांगतात की देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना प्रतिनिधी नसतो आणि यजमानालाही नसतो, कारण फळ त्याच्याशी जोडलेले असते. शिवाय फळाच्या इच्छेने करायचे काम्य कर्म सर्व अंगे जुळत असतील तरच सुरू करावे, आणि एकदा सुरू केल्यावर काही कमी पडले तर मात्र प्रतिनिधी घेऊन ते पूर्ण करावे, असा विवेकही तेथे आहे. परदेशी जाण्यापूर्वी विद्यार्थी, पाठवणारी संस्था आणि स्वीकारणारी संस्था यांच्या सहीने होणाऱ्या अध्ययन-करारात हाच विवेक दिसतो, कारण निघण्यापूर्वी प्रत्येक विषय कोणत्या विषयाच्या जागी बसणार हे ठरवून घ्यावे लागते, आणि तेथे पोचल्यावर एखादा वर्ग भरला किंवा शिकवलाच जाणार नाही असे कळले तर करारात बदल करून जवळचा विषय घेता येतो. जो विद्यार्थी करार न करता निघतो आणि परतल्यावर जुळवाजुळव करू पाहतो, त्याने काम्य कर्म अंगहीन सुरू केलेले असते. यजमानाला प्रतिनिधी नसतो हा नियम इतका उघड वाटतो की तो सांगण्याची गरज नसावी, परंतु 2013 मध्ये इंदूरमध्ये पकडलेल्या तोतया परीक्षार्थींपासूनच व्यापम या परीक्षा-घोटाळ्याचा बोभाटा झाला, हे विसरता येत नाही.

अर्धवट राहिलेल्या अध्ययनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन विचारतो की श्रद्धा असूनही जो मध्येच योगापासून ढळला त्याचे काय होते, तो फुटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून नष्ट तर होत नाही ना; आणि श्रीकृष्ण सांगतात की त्याचा नाश होत नाही, पुढील जन्मात त्याला पूर्वदेहातील बुद्धीचा संयोग पुन्हा लाभतो आणि पूर्वीचा अभ्यासच त्याला, जणू त्याच्या इच्छेविरुद्धही, पुढे ओढून नेतो. ज्ञानेश्वरांनी या ठिकाणी असे बालक रंगवले आहे की ज्याला वयाची वाट पाहावी लागत नाही आणि सिद्ध झालेली प्रज्ञा ज्याला आपण होऊन गाठते. नव्या देहात येते ती गुणपत्रिका नव्हे, संस्कार येतो, हा या उत्तरातील लक्षणीय भाग आहे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे बाहेरच्या विषयाचे श्रेयांक स्वीकारतात परंतु त्याचे गुण आपल्या सरासरीत धरत नाहीत. त्यांच्या मनात गीता नसली तरी भेद तोच पाळला जातो.

खजरान्यापासून फार दूर नसलेल्या महूमध्ये 14 एप्रिल 1891 रोजी जन्मलेल्या डॉ. भीमराव आंबेडकरांचे परदेशी शिक्षण या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, 1915 मध्ये एम.ए. झाले आणि 1916 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले, जेथे त्यांनी मॅकिंडर यांच्याकडे भूगोल, लोज डिकिन्सन यांच्याकडे राजकीय विचार आणि हॉबहाउस यांच्याकडे सामाजिक उत्क्रांती हे विषय घेतले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये हे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, आणि परतीच्या काळात त्यांच्या पुस्तकांचा मोठा संग्रह घेऊन येणारे जहाज युद्धात बुडवले गेले. अपुरे अध्ययन चार वर्षांच्या आत येऊन पूर्ण करण्याची सवलत मात्र त्यांना मिळालेली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, काही पैसे गाठीला बांधून आणि शाहू महाराजांच्या मदतीने 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. कोलंबियातील प्रा. सेलिग्मन यांनी त्यांच्याविषयी प्रा. फॉक्सवेल यांना शिफारस लिहिली होती, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये फॉक्सवेल यांनी संस्थेच्या चिटणीस बाईंना कळवले की या गृहस्थांनी डॉक्टरेट आधीच मिळवलेली आहे, येथे त्यांनी जिंकावे असे काही शिल्लक नाही. प्रत्यक्षात कोलंबियाची ती पदवी प्रबंध छापून प्रती सादर होईपर्यंत, म्हणजे 1927 पर्यंत, रीतसर प्रदान झालेली नव्हती. कर्म पूर्ण झाले होते, अपूर्व कर्त्याजवळ होते आणि फळ दहा-अकरा वर्षे वाट पाहत होते.

फॉक्सवेल यांच्या मताचा फायदा घेऊन आंबेडकरांना पुढचा खटाटोप टाळता आला असता. त्यांनी तसे केले नाही. ज्याच्याजवळ डॉक्टरेटचे काम होते त्याने 1921 मध्ये लंडनची एम.एस्सी. घेतली आणि 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. मिळवली. श्रेयांक-हस्तांतरणाचा हेतू पुनरुक्ती टाळणे हा असतो, आणि सामान्य विद्यार्थ्यासाठी तो योग्यच आहे, कारण त्याचे पैसे व वर्षे मोजकी असतात. परंतु केलेले ओळखले जाणे आणि पुन्हा करण्याची गरज संपणे या एकच गोष्टी नव्हेत, हे या उदाहरणातून दिसते.

विषय निवडण्याच्या बाबतीतही आंबेडकरांचा कोलंबियातील हिशेब विचार करायला लावतो. अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3 आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी 1, असे विषय त्यांनी घेतले होते. आजच्या सल्लागाराने हा तक्ता पाहिला असता तर समकक्षतेच्या दृष्टीने निरुपयोगी म्हणून त्यातील बरेच काही खोडले असते, कारण परत येऊन जे कोठेच बसणार नाही ते परदेशात शिकू नये, असे आजच्या नियोजनाचे सूत्र आहे. मानववंशशास्त्राच्या चार विषयांचा अर्थशास्त्राच्या पदवीला तसा उपयोग नव्हता. परंतु भारतातील जातींवरचा त्यांचा पहिला निबंध 1916 च्या मे महिन्यात वाचला गेला तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्याच चर्चासत्रात. कठोपनिषदातील नचिकेत्यासमोर हितकर आणि सुखकर असे दोन मार्ग ठेवले जातात, तेव्हा दोन्ही निदान ओळखू येण्याजोगे असतात. आजच्या विद्यार्थ्यापुढे तिसरा मार्ग येतो, गणला जाण्याजोगा, आणि तो पहिल्या दोहोंपैकी कोणाशी जुळेल याची खात्री देता येत नाही.

शिकलेल्याची यादी सादर करण्याचा एक जुना प्रसंग छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात येतो. नारद सनत्कुमारांकडे शिकायला जातात, तेव्हा सनत्कुमार आधी म्हणतात की जे जाणतोस ते सांग, त्याच्या पुढचे मी सांगेन. यावर नारद चार वेद, इतिहासपुराण, व्याकरण, गणित, तर्क, नक्षत्रविद्या, सर्पविद्या अशी लांबलचक यादी वाचून दाखवतात आणि लगेच कबूल करतात की आपण मंत्र जाणतो, आत्मा जाणत नाही. सनत्कुमारांचे उत्तर बहुधा कठोर समजले जाते, कारण ते म्हणतात की हे सर्व केवळ नाम आहे. परंतु ते यादी फेकून देत नाहीत. नामाचीच उपासना कर असे सांगून ते तेथूनच आरंभ करतात आणि वाणी, मन, संकल्प अशा एकेका पायरीने पुढे नेतात. यादी पूर्णपणे मान्य झाली आणि पहिल्या पायरीवर ठेवली गेली. मान्यता आणि स्थाननिश्चिती हे दोन वेगळे निर्णय आहेत. परदेशी विद्यापीठाने एखाद्या पदवीधराचे सर्व श्रेयांक स्वीकारून त्याला तरीही पायाभूत वर्गात बसवले तर त्याचा अपमान झाला असे मानण्याचे कारण नाही, जरी फी भरताना हे तत्त्वज्ञान पचनी पडणे अवघड असले तरी.

याच उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात सत्यकाम जाबालाला गोत्र सांगता आले नाही तरी गुरू हारिद्रुमत गौतम त्याच्या सत्यवचनावर प्रवेश देतात आणि चारशे दुबळ्या गायी घेऊन दूर पाठवतात. गायी हजार होऊन परतण्याच्या वाटेवर त्याला बैल, अग्नी, हंस आणि मद्गू नावाचा पाणपक्षी हे चौघे ब्रह्माचा एकेक पाद शिकवतात, आणि प्रत्येक पादाच्या चार कला असल्यामुळे सोळा कलांचे ज्ञान त्याला गुरुगृहाबाहेरच मिळते. गुरू त्याच्या चेहऱ्यावरून ते ओळखतात आणि कोणी शिकवले असे विचारतात. सत्यकाम सांगतो की मनुष्येतरांनी शिकवले, परंतु आचार्यांकडून मिळालेली विद्याच उत्तम ठरते असे आपण ऐकले आहे, तेव्हा आपणच सांगावे. आणि गुरू त्याला तेच सर्व, काहीही न गाळता, शिकवतात. निम्मे श्रेयांक आपल्याकडेच मिळवावेत ही अट या दृश्याच्या तुलनेत सौम्य आहे, कारण येथे बाहेरची विद्या शंभर टक्के खरी मानली जाऊनही शंभर टक्के पुन्हा शिकवली जाते, आणि ती मागणी शिष्याची असते, संस्थेची नव्हे. सत्यकाम पुढे स्वतः आचार्य होतो, तेव्हा त्याचा शिष्य उपकोसल याला घरचे अग्नी काही विद्या सांगतात. प्रवासाहून परतलेला सत्यकाम ती विद्या कोणती हे ऐकून घेतो, तिची पुनरुक्ती करीत नाही, अग्नींनी लोकांविषयी सांगितले आहे असे म्हणून जे उरले तेवढेच सांगतो. शिष्य असताना त्याने स्वतःसाठी जी पुनरुक्ती मागून घेतली होती, ती आचार्य झाल्यावर त्याने उपकोसलावर लादली नाही.